न सांगता येणाऱ्या वेदनेचा हक्क

गेल्या वर्षी एका शुक्रवारी, जुमाच्या नमाजनंतर गर्दी ओसरल्यावर, एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. वय पन्नाशीच्या पुढे. त्यांचे वडील ऐंशी पार केलेले, आयुष्यभर शेती केलेले आणि गेली चार वर्षे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले. ते म्हणाले, "मौलाना, अब्बा तीन महिन्यांपासून नीट जेवत नाहीत. घास तोंडाजवळ नेला की हात झटकतात. रात्री उठून बसतात आणि पायजम्याची नाडी ओढत राहतात. पोट बिघडलंय, दिवसातून तीन-चारदा कपडे बदलावे लागतात. कुठं दुखतंय म्हणून विचारलं, तर म्हणतात, बैलांना पाणी पाजलं का? रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. आता कुणी म्हणतं मोठ्या शहरात नेऊन दुर्बिणीची तपासणी करा. कुणी म्हणतं वय झालंय, आता त्रास देऊ नका. नाही केलं तर गुनाह होईल का?"

मी त्यांना जे उत्तर दिले, ते येथे लिहिताना संकोच वाटतो. उसामा बिन शरीक (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस मला पाठ होती. अल्लाहने प्रत्येक आजाराबरोबर त्याचा उपायही निर्माण केला आहे, अपवाद केवळ म्हातारपणाचा, असा तिचा आशय आहे (अबू दाऊद, तिर्मिजी). मी ती ऐकवली, सब्र करण्यास सांगितले आणि दुआ केली. ते "जी मौलाना" म्हणून उठून गेले. त्यांचा प्रश्न सुटला नव्हता. तो पुन्हा विचारणे मात्र मी त्यांना अवघड करून ठेवले होते.

रात्री तीच हदीस पुन्हा उघडून वाचली आणि माझी चूक लक्षात आली. वाळवंटातून आलेल्या काही अरबांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते, आम्ही औषधोपचार करावेत काय? प्रेषितांनी (स.) होकार दिला, उपचार करण्यास सांगितले आणि मग म्हातारपणाचा अपवाद नमूद केला. म्हणजे हदीस आज्ञेने सुरू होते. मी आज्ञा गाळून केवळ अपवाद सांगितला होता, आणि तोही चुकीच्या ठिकाणी लावला होता.

त्या चुकीतून मला जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो. प्रश्न असा आहे: ज्या आई-वडिलांना आपले दुखणे सांगता येत नाही, त्यांच्या त्या दुखण्याचा आपल्यावर किती हक्क आहे? आणि आपले कर्तव्य कोठे पुरे होते?

म्हातारपण वेगळे, म्हाताऱ्याचे दुखणे वेगळे

कुरआनने या अवस्थेचे वर्णन केले आहे. सूरह नहल (१६:७०) आणि सूरह हज (२२:५) या दोन्ही ठिकाणी तिला आयुष्याची सर्वांत क्षीण अवस्था म्हटले आहे, जेथे सर्व काही जाणून घेतल्यानंतर माणूस काहीच जाणेनासा होतो. प्रेषित (स.) स्वतः या अवस्थेपासून अल्लाहचे संरक्षण मागत असत (बुखारी). आज ही अवस्था फार दूरची राहिलेली नाही. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासाने मांडला आहे. आपल्या मोहल्ल्यातही अशी घरे आहेत, फक्त दारे लावलेली असतात.

हरवलेली स्मृती औषधाने परत आणता येत नाही, हे खरे. परंतु या अवस्थेतील माणसाला होणारी प्रत्येक वेदना त्या अवस्थेचीच असते असे नाही. म्हाताऱ्याचा दात दुखतो तेव्हा दात दुखत असतो, म्हातारपण दुखत नसते. हदीसने अपवाद केला आहे तो म्हातारपणाचा. म्हाताऱ्याच्या दाताचा, आतड्याचा किंवा मूत्राशयाचा अपवाद तिने केलेला नाही. "वय झाले" हे वाक्य सांत्वन म्हणून चालेल, निदान म्हणून चालणार नाही.

पोटाच्या बाबतीत ही गफलत फार होते, कारण तेथे कारणे अनेक आणि साधी असतात. स्मृतीसाठी दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलसारख्या गोळीनेच मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात आणि अन्नावरची वासना जाऊ शकते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने काहींना पातळ शौचास होते. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके आणि लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली काही औषधे बद्धकोष्ठ करतात. सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो. कवळी सैल झालेली असते, तोंड आलेले असते, लघवी तुंबलेली असते. स्मृतिभ्रंश झालेला माणूस यांपैकी काहीच सांगत नाही. तो घास झटकतो, ओरडतो, रात्रभर येरझारा घालतो, आणि आपण म्हणतो, आजार वाढला. कधी कधी जेवल्याचे विसरून तो पुन्हा जेवायला मागतो, दुप्पट खातो आणि मग पोट बिघडते. पाहुण्यांसमोर मात्र सांगतो की सून उपाशी ठेवते. त्या सुनेने काय सोसले असेल, याचा विचार किती जण करतात?

पोट नेहमी खरे सांगत नाही

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आपण मधाचे महत्त्व सांगण्यासाठी नेहमी वाचतो. एक मनुष्य प्रेषितांकडे (स.) येऊन सांगतो की माझ्या भावाला जुलाब होत आहेत. प्रेषित (स.) त्याला मध पाजण्यास सांगतात. तो पुन्हा येतो आणि म्हणतो, त्याने तर जुलाब वाढले. पुन्हा तोच सल्ला मिळतो. असे अनेकदा घडल्यावर प्रेषित (स.) सांगतात की अल्लाहचे वचन सत्य आहे, तुझ्या भावाचे पोटच खोटे सांगत आहे. पुन्हा मध दिला जातो आणि रुग्ण बरा होतो.

मध तर पोट सैल करतो, मग जुलाबावर तो कसा, अशी शंका पूर्वीही घेतली गेली. इब्ने कय्यिम (रह.) यांनी 'जादुल मआद' मध्ये तिचे उत्तर दिले आहे. त्यांच्या मते तो जुलाब पोटात साचलेल्या अपचनामुळे होता. साचलेले बाहेर पडणे हाच उपाय होता, आणि मात्रा आजाराच्या प्रमाणात पोहोचेपर्यंत ती पुन्हा पुन्हा देणे भाग होते. या हदीसच्या आधारे कोणी आपल्या मधुमेही वडिलांना मनानेच मध पाजू लागू नये. येथे मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक म्हणजे, पोट बाहेर जे दाखवते तेच आत असेल असे नाही. दुसरी म्हणजे, रुग्ण स्वतः आलेला नव्हता. त्याचा भाऊ त्याची जीभ होऊन आला होता, आणि उपाय लागू पडेना म्हणून घरी बसला नाही. तो परत परत विचारत राहिला.

आजचे डॉक्टरही पोटाच्या अशा फसवणुकीचा एक प्रकार ओळखतात. वृद्ध माणूस पाणी कमी पितो, चालणे थांबलेले असते, औषधे बद्धकोष्ठ करतात. मल आतड्यात सुकून दगडासारखा अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपत राहते. घरच्यांना वाटते जुलाब होत आहेत. जुलाब थांबवण्याची गोळी दिली जाते आणि अडकलेले अधिकच घट्ट होते. ज्याला शब्द आहेत तो सांगतो की पोट साफ होत नाही. ज्याचे शब्द गेले तो पायजम्याची नाडी ओढतो.

इशारा हेही बोलणेच

फिकहचा एक प्रसिद्ध नियम आहे, जो उस्मानी काळातील 'मजल्ला' या कायद्याच्या संहितेत सत्तरावे कलम म्हणून आला आहे. मुक्या माणसाच्या ठरलेल्या खुणा त्याच्या तोंडच्या बोलण्यासारख्याच मानल्या जातात, असा त्याचा आशय. हा नियम व्यवहार आणि करारांसाठी आहे. परंतु ज्या शरीअतने मुक्याच्या हाताची हालचाल खरेदी-विक्रीत ग्राह्य धरली, ती शरीअत आपल्या बापाच्या कण्हण्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा देईल काय?

आणखी एक प्रसंग ह. आयशा (रजि.) यांनी सांगितला आहे (बुखारी, मुस्लिम). प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजारपणात घरच्यांनी त्यांच्या तोंडात औषध घातले. ते देऊ नका, असे प्रेषित (स.) खुणेने सांगत होते. घरच्यांना वाटले, रुग्णाला औषध नकोसे वाटतेच. बरे वाटल्यावर प्रेषितांनी (स.) याबद्दल जाब विचारला आणि चुलते ह. अब्बास (रजि.) त्या वेळी हजर नव्हते म्हणून त्यांना वगळून घरातील सर्वांना तेच औषध घ्यायला लावले. घरच्यांचे प्रेम कमी नव्हते. तरीही खूण दिसली होती आणि तिचा अर्थ आपल्या सोयीने लावला गेला होता.

येथे एक भेद केला पाहिजे. प्रेषितांची (स.) बुद्धी पूर्ण शाबूत होती, म्हणून त्यांचा नकार हा हुकूम होता. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा नकार तसा नसतो. ते नको म्हणाले म्हणून त्यांना मळलेल्या कपड्यांत ठेवता येणार नाही. झोपलेला, लहान मूल आणि बुद्धी हरवलेला या तिघांवरून लेखणी उचलली गेली आहे, असे हदीसमध्ये आले आहे, आणि अबू दाऊद यांनी एका रिवायतीत वार्धक्याने भ्रमिष्ट झालेल्या वृद्धाचाही उल्लेख नोंदवला आहे. त्यांच्यावरून हिशेबाची लेखणी उचलली गेली, आपल्यावरून नाही. त्यांचा नकार हुकूम नसेल, पण ती साक्ष आहे. हात का झटकला, घास गरम होता का, गिळताना दुखले का, पोट फुगले आहे का, हे शोधणे आपल्याकडे येते.

ही साक्ष वाचण्याची रीत शिकता येते. शब्द नसलेल्या रुग्णाची वेदना ओळखण्यासाठी डॉक्टर आणि परिचारिका पाच गोष्टी पाहतात: श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाचा ताठरपणा, आणि धीर दिल्यावर माणूस शांत होतो की नाही. या घरातही पाहता येतात. सोबत एक वही ठेवावी. काय खाल्ले, शौच कधी आणि कसे झाले, लघवी किती झाली, कोणती गोळी कधीपासून सुरू झाली. शौचात रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग, न थांबणारी उलटी, ताठ फुगलेले पोट, लघवी बंद होणे, ताप, झपाट्याने उतरणारे वजन किंवा एकाएकी वाढलेला भ्रम दिसला, तर वही भरत बसू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

दुखणाऱ्या जागी हात ठेवून अल्लाहचे नाव घेण्याची शिकवण उस्मान बिन अबिल आस (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) दिली होती (मुस्लिम). ज्यांना आता ते जमत नाही त्यांच्या पोटावर मुलाने हात ठेवून दुआ करावी. दुआ करताना त्या हाताला कळू द्यावे की पोट मऊ आहे की कठीण, आणि कोठे हात लागताच चेहरा आक्रसतो.

ज्याने हात लावला त्याला विचारा

सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:२३-२४) आई-वडील वृद्ध झाले असता त्यांना 'उफ्' देखील म्हणू नये, असे सांगितले आहे. ज्येष्ठ ताबई मुजाहिद (रह.) यांचे या आयतीवरील भाष्य तबरी (रह.) यांनी नोंदवले आहे. ते अतिशय स्पष्ट आहे: त्यांचे मलमूत्र काढण्याची वेळ आली तर किळस करू नकोस, कारण तू लहान असताना त्यांनी तुझी किळस केली नव्हती. आपण मात्र ही आयत स्वर चढवून बोलू नये एवढ्यापुरतीच शिकवतो.

याच आयतीच्या शेवटी जी दुआ शिकवली आहे तिच्यात दयेचे माप दिले आहे: जसे त्यांनी मला लहानपणी वाढवले. लहानपणी आपल्यालाही शब्द नव्हते. रडण्याच्या तऱ्हेवरून आईला कळत होते की हे भुकेचे रडणे आहे की पोटाचे, आणि मग ती बेंबीभोवती हिंगाचे पाणी लावत होती. तिने कधी म्हटले नाही की मूल आहे, रडणारच. आपण मात्र म्हणतो, म्हातारे आहेत, ओरडणारच. याचा अर्थ त्यांना मूल समजावे असा मात्र नाही. त्याच आयतीत त्यांच्याशी आदराने बोलण्याची आज्ञा आहे. त्यांच्या शौचाची चर्चा त्यांच्यासमोर पाहुण्यांशी करणे, कपडे बदलताना दार उघडे टाकणे, हे त्या आदरात बसत नाही.

आणि ही सेवा कोण करते? बहुतेक घरांत सून. शरीअतने सासू-सासऱ्यांची खिदमत तिच्यावर कर्तव्य म्हणून लादलेली नाही, ती तिची नेकी आहे. कर्तव्य मुलांचे आणि मुलींचे आहे. सासरा तिच्यासाठी महरम असला तरी सतराचा नियम राहतोच, म्हणून त्यांची स्वच्छता मुलाने किंवा नातवाने करणे हेच योग्य. नाइलाज असेल तेथे कपड्याचा आडोसा आणि हातमोजे वापरून गरजेपुरते करावे. ज्या घरात मुलगा दुकानात बसतो आणि सून बापाचे कपडे धुते, त्या घरात पित्याच्या खिदमतीचे पुण्य मुलाच्या नावावर कसे जमा होईल, हे त्याने स्वतःला विचारावे.

त्या गृहस्थांच्या घरी मी पुढच्या आठवड्यात गेलो, अब्बांपाशी बसलो आणि माझे उत्तर अपुरे होते असे त्यांना सांगितले. ते वडिलांना तालुक्याच्या गावी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले, घरातील सर्व गोळ्या पिशवीत भरून. नंतर त्यांनी मला सांगितले की डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि विचारले, घट्ट शौच शेवटचे कधी झाले? त्यांना ठाऊक नव्हते. दाराशी उभी असलेली त्यांची पत्नी म्हणाली, "सतरा दिवस झाले. मी बोलले होते, पण सगळे म्हणाले, जुलाब होतायत तर बद्धकोष्ठ कसं असेल?" ठाऊक नसेल तर जाणकारांना विचारा, अशी कुरआनची शिकवण आहे (१६:४३). त्या घरातील जाणकार तीन महिने घरातच होती आणि तिला कोणी विचारले नव्हते.

कोठे थांबावे

मल अडकलेलाच होता. तो काढला गेला, एक गोळी बंद झाली, दुसरीची मात्रा कमी झाली. काही दिवसांत अब्बा दुधात कुस्करलेली भाकरी खाऊ लागले. परंतु सर्व दुखणे गेले नाही. अधूनमधून रात्री ते पोट धरून बसत, वजनही उतरत होते. तेव्हा तो पहिला प्रश्न परत समोर आला: दुर्बिणीची तपासणी करावी का?

फतावा आलमगिरीमध्ये उपायांचे तीन वर्ग केले आहेत. भुकेला अन्न आणि तहानेला पाणी हा निश्चित उपाय, जीव धोक्यात असताना तो सोडणे हराम. जुलाबाचे औषध आणि वैद्यकातील इतर उपचार हे संभाव्य उपाय, ते सोडल्याने माणूस गुनाहगार होत नाही. तिसरा वर्ग केवळ अटकळीचा. कोकणातील आपले अनेक बांधव ज्या शाफई मजहबाचे आहेत, त्यातही उपचार करणे मुस्तहब मानले आहे. १९९२ साली जिद्दा येथे इस्लामी फिकह अकादमीने ठरवले की उपचार न केल्याने जीव किंवा अवयव जाणार असेल तर उपचार वाजिब होतो, आणि ज्याला स्वतःचा निर्णय घेता येत नाही त्याच्या वतीने पालकाने घ्यायचा निर्णय त्या रुग्णाच्या हिताच्या मर्यादेत असतो.

या मर्यादेचा अर्थ फार थोडे जण लक्षात घेतात. ही तपासणी त्यांच्या हितासाठी आहे की माझ्या समाधानासाठी? की उद्या जनाजाला आलेले नातेवाईक "काही केलं नाही" म्हणतील म्हणून? आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीआधी उपाशी ठेवावे लागते आणि पोट साफ करणारे द्रावण मोठ्या प्रमाणात प्यावे लागते. ज्याला हे का चालले आहे तेच कळत नाही, त्याच्यासाठी तो छळ ठरू शकतो, आणि गुंगीच्या औषधाने भ्रम वाढू शकतो. म्हणून डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा: यात काही निघाले तर आपण पुढे काय करणार आहोत? उत्तर "काही करता येईल" असे असेल तर त्रास सोसण्यास अर्थ आहे. उत्तर "शस्त्रक्रिया त्यांना झेपणार नाही" असे असेल, तर ती तपासणी कोणासाठी?

अन्नाबद्दलही असेच. रुग्णांना खाण्यापिण्याची सक्ती करू नका, या आशयाची हदीस तिर्मिजी आणि इब्ने माजा यांनी नोंदवली आहे. तिच्या सनदीवर चर्चा आहे, पण अनुभव तिला दुजोरा देतो. तोंडात कोंबलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. गुहेत अडकलेल्या तिघांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे (बुखारी, मुस्लिम). त्यातील एक जण दुधाचे भांडे हातात धरून झोपलेल्या आई-वडिलांच्या उशाशी पहाटेपर्यंत उभा होता. त्याने त्यांना उठवले नाही, आणि तो तेथून हललाही नाही. अन्न समोर ठेवावे, थोडे थोडे, पुन्हा पुन्हा. थांबण्याची तयारी ठेवावी, सोडून जाऊ नये.

त्या कुटुंबाने डॉक्टरांशी बोलून दुर्बिणीची तपासणी केली नाही. वेदनेवर औषध, पोट साफ राहण्याची काळजी आणि पाणी, एवढे शेवटपर्यंत चालू ठेवले. सात महिन्यांनी अब्बा अल्लाहकडे गेले. पोटात नेमके काय होते, याचे पूर्ण उत्तर मिळाले नाही. दफननंतर ते गृहस्थ मला म्हणाले, "मौलाना, ती तपासणी केली असती तर?"

या वेळी मी घाई केली नाही. मी म्हणालो, अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही (२:२८६). दुसऱ्याच्या पोटातील सर्व काही जाणणे आपल्या कुवतीत नाही, ते अल्लाहच जाणतो. लक्ष देणे, विचारणे, हात लावून पाहणे, आणि एक उत्तर चुकले तर दुसऱ्याकडे जाणे कुवतीत होते. ते तुम्ही केले. पहिल्या तीन महिन्यांबद्दल मात्र तौबा करा, आणि माझ्यासाठीही माफी मागा, कारण त्यात एक आठवडा माझ्या उत्तरामुळे गेला.

हे अल्लाह, ज्यांनी आमचे बोबडे रडणे समजून घेतले, त्यांचे मुके कण्हणे समजून घेण्याची बुद्धी आम्हाला दे. आमच्या आई-वडिलांवर दया कर, आणि ज्या घरांत आज अशी सेवा चालू आहे, तेथील प्रत्येक हाताला, विशेषतः ज्याची कोणी दखल घेत नाही त्या हाताला, तुझ्याकडून मोबदला दे. आमीन.